वंगणाची लाज कशाला?

आपला जिल्हा शेतकऱ्यांचा. बैलगाडीच्या आसाला वंगण नसले तर काय होते, हे उमरखेडपासून वणीपर्यंत कोणालाही शिकवावे लागत नाही. चाक कुरकुरते, बैल दमतात, आस झिजतो आणि कधीतरी ऐन वाटेत गाडी बसते. गाडी कुरकुरली म्हणून शहाणा शेतकरी तिच्यावर रागावत नाही. वंगण घालतो आणि पुढे जातो. नवरा-बायकोच्या शरीरसंबंधात मात्र ही साधी समज आपण दाराबाहेर ठेवतो. तेथे कोरडेपणा आला, दुखू लागले, की आधी संशय, मग अबोला आणि मग वेगळे अंथरूण असा प्रवास सुरू होतो.

या सदरात आपण कावीळ, विंचूदंश, उष्माघात, फवारणीतली विषबाधा अशा कितीतरी विषयांवर बोललो. आजचा विषय पाहून काही वाचक पान उलटतील, तर काही जण वर्तमानपत्राची घडी करून उशाखाली ठेवतील. या दुसऱ्या वाचकांसाठीच आजचा लेख आहे. समागमाच्या वेळचा कोरडेपणा, त्यामुळे होणारी वेदना आणि त्यावर वापरायची वंगण-जेली, हा आजचा विषय. माझे म्हणणे आधीच सांगून टाकतो. ही वेदना म्हणजे बाईचे नशीब नव्हे, तिचा दोष नव्हे आणि तिचे मन उडाल्याचा पुरावाही नव्हे. चाळिशीत जवळचे दिसेनासे झाले तर आपण चष्मा लावतो, त्यात कोणाला कमीपणा वाटत नाही. कोरडेपणावर जेली वापरणे हे तितकेच साधे आहे.

उपवास वाढतात तेव्हा

तालुक्याच्या गावी दवाखाना चालवणाऱ्या डॉक्टरकडे ही तक्रार स्वतःच्या नावाने सहसा येत नाही. ती वेष बदलून येते. कंबर दुखते, लघवीला जळजळते, झोप लागत नाही, अंगात कसकस आहे. पन्नाशीकडे झुकलेल्या बाईचा रक्तदाब झाला, साखर झाली, गोळ्या लिहून झाल्या, तरी ती स्टुलावरून उठत नाही. तेव्हा समजावे, की खरे दुखणे अजून ओठांच्या आतच आहे.

अशाच एका शेतकरी घरातल्या बाईने बऱ्याच वेळाने खाली मान घालून सांगितले, “काय सांगू जी, नुसतं जळते.” पाळी जाऊन दोन वर्षे झाली होती. नवऱ्याजवळ जायचे म्हटले की तिच्या अंगावर काटा यायचा. नाही म्हणायचे कसे, हे न कळल्याने तिने उपवास वाढवले. सोमवार आधीपासून होताच, त्यात गुरुवार आला, मग शनिवार. उपवासाच्या दिवशी नवरा दूर राहतो, एवढाच त्यातला हिशेब. श्रद्धेच्या उपवासाबद्दल मला आदर आहे, पण हे उपवास श्रद्धेचे नव्हते. इकडे नवऱ्याला वाटले, हिचे मन आपल्यावरून उडाले. तो छपरीत झोपू लागला. दोघांचेही वागणे आपापल्या जागी बरोबर होते, आणि दोघांनाही खरे कारण ठाऊक नव्हते.

दोघांना समोर बसवून दहा मिनिटे समजावून सांगितले. जेली दिली, तिने निम्मे काम झाले. उरलेल्या निम्म्यासाठी योनिमार्गात लावायचे संप्रेरकाचे मलम द्यावे लागले. नवरा जाताना एवढेच म्हणाला, “हे आमाले कोनं सांगतलंच नाही जी.” त्याचे हे वाक्य आपल्या सगळ्या आरोग्यशिक्षणावरचा शेरा आहे, असे मला वाटते.

ओलावा येतो कोठून?

स्त्रीच्या मनात इच्छा जागी झाली की योनिमार्गाच्या भोवतालचा रक्तपुरवठा वाढतो. त्या रक्तातला पातळ द्रव आतल्या अस्तरातून पाझरतो आणि मार्ग ओला होतो. तोंडाशी असलेल्या लहान ग्रंथींचा वाटा त्यात थोडासाच असतो. या सगळ्याला वेळ लागतो. पुरुषाची तयारी लवकर होते, स्त्रीच्या शरीराला अधिक अवधी हवा असतो. म्हणून घाई हे कोरडेपणाचे पहिले कारण आहे. दिवसभर कापूस वेचून, चूल-भांडी आवरून पाठ टेकलेल्या बाईकडून पाच मिनिटांत शरीर तयार होण्याची अपेक्षा करणे हा तिच्यावर अन्याय आहे. जेली हवी तेथे जेली वापरावी, पण ती गोड बोलण्याच्या आणि सबुरीच्या बदल्यात मिळत नसते.

दुसरी गोष्ट इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकाची. योनिमार्गाचे अस्तर जाड, लवचिक आणि ओलसर ठेवण्याचे काम ते करते. ते कमी झाले की अस्तर पातळ होते, चटकन खरचटते आणि जळजळते. मनात प्रेम आहे, इच्छा आहे, तरीही ओलावा नाही, असे होऊ शकते. उलट, शरीर ओले झाले म्हणजे बाईची संमती आहे, असेही मानू नये. संमती शब्दांनी कळते, ओलाव्याने नाही.

कोरडेपणा कोणाला येतो?

पहिला मोठा गट रजोनिवृत्तीच्या वयातल्या स्त्रियांचा. भारतीय स्त्रियांची पाळी सरासरी ४६-४७व्या वर्षी जाते, पाश्चात्त्य स्त्रियांपेक्षा काही वर्षे आधी. त्यानंतर आयुष्याची पंचवीस-तीस वर्षे उरतात. तेवढा काळ दुखणे सोसण्यात किंवा टाळाटाळीत घालवायचा का? पाळी गेल्यावर येणारे गरम झटके बहुतेकींचे काही वर्षांनी ओसरतात. कोरडेपणा मात्र उपचार न केल्यास आपोआप जात नाही, वयाबरोबर तो वाढतोच.

दुसरा गट ज्यांची गर्भपिशवी काढली आहे त्यांचा. पिशवीबरोबर बीजकोशही काढले असतील तर संप्रेरक एका दिवसात बंद होते आणि पस्तिशीतल्या बाईलाही म्हातारपणचा कोरडेपणा येतो. बीड जिल्ह्यात ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भपिशव्या मोठ्या संख्येने काढल्या गेल्याची चर्चा २०१९ मध्ये राज्यभर झाली आणि सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. आपल्या जिल्ह्यातूनही कुटुंबे ऊसतोडीला जातात. शस्त्रक्रियेनंतर संसारात काय बदलेल, हे यांतल्या किती जणींना आधी सांगितले गेले असेल, याचा विचार डॉक्टर मंडळींनीच करावा.

तिसरा गट अंगावर पाजणाऱ्या आयांचा. दूध तयार करणारे संप्रेरक वाढलेले असते तेव्हा इस्ट्रोजेन कमी असते. त्यात टाक्यांचा व्रण आणि रात्रीची जागरणे. बाळ दोन-चार महिन्यांचे असताना दुखते म्हणणारी बाई नाटक करत नसते. हा कोरडेपणा तात्पुरता असतो आणि पाजणे कमी झाले की जातो. तोवर जेलीचा चांगला उपयोग होतो.

याखेरीज मधुमेह, सर्दी-ॲलर्जीच्या काही गोळ्या, नैराश्यावरची काही औषधे, स्तनाच्या कर्करोगावरचे उपचार आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी दिलेले किरणोपचार यांमुळेही कोरडेपणा येतो. नवविवाहितेला भीतीमुळे येतो. पुरुषालाही घर्षणाने आग होणे, त्वचा सोलवटणे असे त्रास होतात, म्हणून जेली ही फक्त बायकांची वस्तू नाही. गुदमार्गाला तर स्वतःचे वंगण नसतेच. तेथे संबंध ठेवणाऱ्या स्त्री-पुरुषांनी वा पुरुषांनी निरोध आणि जेली या दोन्हींशिवाय जाणे म्हणजे जखम आणि एचआयव्ही यांना आमंत्रण आहे. हे वाचून नाक मुरडण्यापेक्षा माहीत असलेले बरे.

आणि वंगण फक्त दुखू नये म्हणूनच वापरावे, असेही नाही. ज्यांना कसलाही त्रास नाही, अशी जोडपी केवळ सुख वाढते म्हणून ते वापरत असतील, तर त्यात गैर काहीच नाही. भाकरी नुसती खाता येते, म्हणून तुपाला कोणी पाप म्हणत नाही.

तेल, तूप आणि व्हॅसलीन

आपल्याकडे लोक काहीच वापरत नाहीत, असे नाही. हाताशी असेल ते वापरतात. खोबरेल तेल, तूप, व्हॅसलीन, नाही तर थुंकी. त्यांविषयी नीट समजून घ्या.

थुंकी लगेच वाळते आणि तोंडातले जंतू आत नेते. तिचा भरवसा धरू नये. शुद्ध, वास न घातलेले खोबरेल तेल बऱ्याच जणींना सोसते, पण तेलाने काहींना बुरशीचा संसर्ग होतो. व्हॅसलीन आत साचून राहते, सहज धुतले जात नाही आणि ते वापरणाऱ्या स्त्रियांत योनिमार्गातील जंतूंचे संतुलन बिघडल्याचे अधिक आढळले आहे. तूप आत लावू नये.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे निरोधबरोबर कोणतेही तेल चालत नाही. खोबरेल, शेंगदाण्याचे, सरकीचे, जवसाचे, बाळाच्या मालिशचे, कोणतेच नाही. व्हॅसलीन आणि तूपही नाही. निरोध रबराच्या चिकाचा, म्हणजे लॅटेक्सचा असतो आणि तेल त्याला कमकुवत करते. १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात खनिज तेलाशी केवळ ६० सेकंद संपर्क आल्यावर निरोधची ताकद सुमारे ९० टक्क्यांनी घटली होती. डोळ्यांना काही दिसत नाही, पण निरोध फाटतो. ‘निरोध वापरूनही दिवस गेले’ ही तक्रार ऐकली, की सोबत तेल लावले होते का, हे विचारावे. आपल्या जिल्ह्यातून जाणाऱ्या नागपूर-हैदराबाद महामार्गावरील ट्रकचालक बंधूंनी तर हा मुद्दा गाठीला बांधून ठेवावा.

साबण, शांपू, सुगंधी क्रीम, बाम आणि जंतुनाशके यांतले काहीही आत लावू नका. दवाखान्यात सोनोग्राफीसाठी पोटावर लावतात ती जेली या कामाची नव्हे. आणखी एक फसगत लिग्नोकेनच्या जेलीची. ती बधिर करणारी असते. दुखणे कळेनासे होते, पण खरचटणे थांबत नाही. डॉक्टरने सांगितल्याशिवाय ती यासाठी वापरू नये.

कोणती जेली, कशी वापरावी

वंगण-जेली ही काही कालची चैनीची वस्तू नाही. के-वाय नावाची जेली १९०४ च्या सुमारास अमेरिकेत निघाली ती डॉक्टरांच्या कामासाठी, रुग्णाच्या शरीरात नळी वा उपकरण घालताना इजा होऊ नये म्हणून. तपासणीच्या टेबलावर बाईला दुखू नये म्हणून जी वस्तू आम्ही डॉक्टर बिनदिक्कत वापरतो, ती तिच्या घरात जाताच अश्लील कशी होते, हे मला अजून उमगलेले नाही.

आज औषधाच्या दुकानात मुख्यतः दोन प्रकार मिळतात. पाण्याचा आधार असलेली जेली निरोधबरोबर चालते, पाण्याने धुतली जाते आणि डाग पाडत नाही. ती थोड्या वेळाने वाळते, तेव्हा पुन्हा घ्यावी किंवा पाण्याचे दोन थेंब लावावेत. दुसरी सिलिकॉनची. ती जास्त वेळ टिकते, हीदेखील निरोधबरोबर चालते, पण धुवायला साबण लागतो. पहिल्यांदा घेणाऱ्यांनी पाण्याची घ्यावी.

स्ट्रॉबेरीचा स्वाद, सुगंध, ‘गरम’ वाटणारी, ‘थंड’ वाटणारी अशा जेली टाळा. नाजूक अस्तराला त्या झोंबतात. वेष्टनावर घटकांची यादी असते, तिच्यात ग्लिसरीन किंवा प्रोपिलीन ग्लायकॉल अगदी वरच्या क्रमांकावर असेल तर दुसरी बघा. कारण सोपे आहे. कैरीच्या फोडींना मीठ लावले की त्यांना पाणी सुटते. अशा दाट जेलीने अस्तराच्या पेशींतले पाणी तसेच बाहेर ओढले जाते आणि पेशी दुखावतात. म्हणूनच २०१२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने अशा जेलींच्या दाटपणाला मर्यादा घालणारी सूचना काढली. योनिमार्ग मुळात किंचित आम्ल असतो, तेव्हा जेलीही तशीच असणे बरे.

वापर सोपा आहे. हात धुवा. पहिल्यांदा कोपराच्या आतल्या बाजूस थोडी लावून पाहा. खाज-पुरळ नसेल तर अर्धा चमचा जेली योनिमार्गाच्या तोंडाशी आणि तितकीच पुरुषाच्या इंद्रियावर किंवा चढवलेल्या निरोधच्या बाहेरून लावा. कमी पडली तर आणखी घ्या. ही जेली गर्भनिरोधक नाही आणि रोगांपासूनही संरक्षण देत नाही, ते काम निरोधचे. मूल हवे असणाऱ्यांनीही एक गोष्ट लक्षात ठेवावी. प्रयोगशाळेत काही जेलींनी शुक्रजंतूंची चाल मंदावते असे दिसले आहे, म्हणून त्यांनी डॉक्टरला विचारूनच निवड करावी.

जेलीने भागत नाही तेव्हा

जेली ही सगळ्या दुखण्यांवरची जादू नाही. संबंधानंतर रक्त जाणे, पाळी गेल्यावर पुन्हा रक्त दिसणे, दुर्गंधीयुक्त पांढरे जाणे, फोड वा जखम, ओटीपोटात खोलवर दुखणे, यांतले काहीही असेल तर आधी तपासणी, मग जेली. गर्भाशयमुखाचा कर्करोग पहिल्यांदा याच रूपात दिसू शकतो, आणि लवकर सापडला तर बरा होतो. यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात स्त्रीरोग विभाग आहे. तेथे जायला लाजू नका.

अस्तर फार पातळ झाले असेल तर योनिमार्गात लावायचे कमी मात्रेचे इस्ट्रोजेन मलम उत्तम काम करते, मात्र ते डॉक्टरच्या सल्ल्यानेच. स्तनाचा कर्करोग होऊन गेलेल्या स्त्रीने आपल्या कर्करोगतज्ज्ञाला विचारल्याशिवाय ते लावू नये. तिला साधी जेली चालते. काही तरुण मुलींचे स्नायूच भीतीने आवळतात आणि संबंध अशक्य होतो. त्यावर वेगळा उपचार आहे आणि तो यशस्वी होतो.

आणि एक वेदना अशी आहे, जिच्यावर कोणत्याही दुकानात ट्यूब मिळत नाही. बाईला नको असताना केलेल्या जबरदस्तीची वेदना. ‘जेली आणली आहे, आता काय अडचण?’ असे म्हणणाऱ्या नवऱ्याला हा लेख कळलाच नाही, असे समजावे.

लाज नेमकी कोणाची?

या विषयावर मराठीत लिहिणे नवे नाही. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले आणि १९२७ पासून १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवले. वाचक कामजीवनाविषयी प्रश्न विचारत आणि कर्वे सरळ उत्तरे छापत. त्या उत्तरांसाठी १९३४ मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. त्यांच्या बाजूने कोर्टात उभे राहिले बॅरिस्टर डॉ. बाबासाहेब आंबेडकर. खटला हरला, कर्व्यांना दंड झाला. पण लोकांना शरीराविषयी प्रश्न पडतात आणि त्यांना शास्त्रीय उत्तर मिळाले पाहिजे, ही बाजू तेव्हाच ठामपणे मांडली गेली.

पुढचा धडा आपल्याच विदर्भातला. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन गावांत ६५० स्त्रियांची तपासणी केली. १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात तिचे निष्कर्ष छापून आले. ९२ टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग होता आणि त्याआधी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. दुखणे घरोघरी होते, विचारणारे कोणी नव्हते. अभ्यास जुना झाला, पण दवाखान्यातल्या स्टुलावरचे मौन अजून फारसे सुटलेले नाही.

म्हणून माझे स्पष्ट मत आहे की यात बाईने लाजण्यासारखे काही नाही, लाज वाटायची तर ती आम्हा डॉक्टरांना वाटावी. पन्नाशीतल्या बाईला रक्तदाब विचारतो तसेच “संबंधाच्या वेळी दुखते का?” हे एका वाक्यात विचारायला किती वेळ लागतो? प्राथमिक आरोग्य केंद्रात निरोध फुकट मिळतो, त्याच्या शेजारी साध्या जेलीची ट्यूबही ठेवावी. मजुरीला जाणाऱ्या बाईला बाजारातली ट्यूब जवळपास एका दिवसाच्या मजुरीला पडू शकते, आणि ती स्वतःसाठी तेवढे पैसे कधीच काढणार नाही. बचत गटाच्या बैठकीत आशाताईंनी रक्तक्षयाबरोबर पाच मिनिटे या विषयालाही द्यावीत. औषधाच्या दुकानदारांनी जेली मागणाऱ्याकडे पाहून हसू नये आणि ट्यूब काळ्या पिशवीत लपवूनही देऊ नये.

‘आमच्या आजीला हे लागले नाही’ असे काही जण म्हणतील. आजीला लागत होते की नाही, हे तिला कोणी विचारलेच नव्हते. ‘या वयात हे कशाला?’ असेही म्हणतील. ज्या जोडप्याने तीस वर्षे दुष्काळ, कर्ज, मुलांची लग्ने सगळे मिळून काढले, त्यांना एकमेकांजवळ झोपायचे असेल तर वयाचा दाखला मागणारे आपण कोण?

दुकानात बोलायचा संकोच वाटत असेल तर चिठ्ठीवर एवढेच लिहून द्या: ‘पाण्याचा आधार असलेली, बिनवासाची वंगण-जेली, एक ट्यूब.’ चिठ्ठी नवऱ्याने नेली तर अधिक चांगले. बायकोसाठी साडी आणतो, तितक्याच सहजपणे त्याने हीही आणावी.